थोरल्याची खुर्ची

२ ऑक्टोबर

पोचलो एकदाचा! स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि तोच उजेड अंगावर आला, पिकल्या लिंबाच्या सालीसारखा, किंचित तिरका. कॅमेरा गळ्यात अडकवून जगभर हिंडलो, पण उजेडाने ओळख दाखवावी असा देश हा एकच. निघताना ठकी म्हणालीच, बाबा, आईशी लग्न केलंत ते नावाला, तुमचं खरं सासर तिकडेच. ठकी म्हणजे माझी एकुलती एक लेक. सातवा महिना लागलाय तिला. तिची आई आता नाही, म्हणून बाळंतपणाला निदान मी तरी जवळ हवा असा तिचा हट्ट. मी शब्द दिलाय की बाळ येण्याआधी परत येईन आणि ही शेवटची फेरी. त्यावर तिने कपाळाला हात लावला. मागच्या फेरीलाही हेच म्हणाला होतात, म्हणाली.

खोली एका फोटो स्टुडिओच्या माडीवर मिळाली. लोखंडी खाट, खिडकीखाली डगमगतं टेबल, त्याच्या एका पायाखाली कुणीतरी सरकवलेली पुठ्ठ्याची घडी. नळ सोडला की आधी घसा खाकरतो, मग पाणी देतो. खालचा स्टुडिओवाला बुटका, दाट भुवयांचा, माझ्याच वयाचा. अजून फिल्मवर काम करतो, अंधारखोली राखून आहे. वरची खोली तो कुणालाही देत नाही, माझ्या गळ्यातलं कॅमेऱ्याचं धूड बघून दिली म्हणाला. इथली भाषा मी मोडकीतोडकी बोलतो. इतक्या फेऱ्या झाल्या तरी उच्चार परकाच राहिला. दुकानदार मुद्दाम पुन्हा बोलायला लावतात आणि हसतात. मीही हसतो.

५ ऑक्टोबर

दिवसभर पायाला भिंगरी. कोरीव दारांची गल्ली, बाहुल्या करणाऱ्यांचं आवार, जुन्या पुलाखालची गाण्याची शाळा. बाहुल्यांना डोळे सगळ्यांत शेवटी काढतात. कारागिराने मान वर न करता मला बाजूला सरायला सांगितलं, तुमची सावली हिच्या डोळ्यांत पडते म्हणाला. असं वाक्य कानावर पडावं म्हणून माणसाने किती लांब यावं!

संध्याकाळी स्टुडिओवाल्याने अंधारखोली वापरू दिली. मी घड्याळ लावत नाही, वृत्तावर मोजतो. लगागा लगागा लगागा लगागा. शाळेत मास्तरांनी बाकावर रूळ आपटून डोक्यात बसवलेला भुजंगप्रयात. कवितेच्या चार ओळी मनात म्हटल्या की कागद रसायनातून काढायचा. स्टुडिओवाला बघतच राहिला. असं मोजणारा पहिलाच येडा भेटला म्हणाला.

फोटो वाळत टाकताना एक गोष्ट मनाला लागली. या देशाचे माझ्याकडे पेट्याच्या पेट्या भरून फोटो आहेत, त्यांतल्या एकाही फोटोत मी नाही. काढणारा कुठून असणार? पण मग मी इथे होतो, हे सांगणार कोण?

९ ऑक्टोबर

आज गंमत झाली. वळणावर राहणारी म्हातारी आणि तिची मुलगी दरवर्षी घरचा फोटो काढायला येतात. मुलगी शिवणकाम करते. साठीची असेल, तोंडात कायम दोन टाचण्या. म्हातारीचा थोरला मुलगा ऐन तरुणपणी घरातून निघून गेला, त्याचा पुढे काही पत्ता नाही. पण त्याची खुर्ची मधोमध मांडतात. तिच्यावर कुणालातरी बसवायचं, फोटो काढायचा आणि धडावर थोरल्याचा जुना चेहरा चिकटवायचा. स्टुडिओवाल्याच्या वडिलांपासूनची ही पद्धत. शिंपीणबाई म्हणाली, दादा दरवर्षी जाडा होतो, पण त्याला मिशी काही फुटत नाही. सगळे हसले. म्हातारी नाही हसली.

एरवी शेजारचा न्हावी बसायचा. यंदा त्याने साफ नकार दिला. रिकामी खुर्ची ठेवून काढू म्हणाले. आता चौकटीच्या मधोमध भोक मला कसं बघवेल? मीच पुढे झालो. स्टुडिओवाल्याने बजावलं की दाराकडे बघा, भिंगात बघायचं ते घरच्याने. मान डोलावली. पण त्याने कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबायला हात वर केला आणि म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जन्मभर लोकांना इकडे बघा, इकडे बघा म्हणत आलो. मला कुणी कधी म्हटलंच नव्हतं. बघितलं मी. सरळ भिंगात, अगदी डोळे भरून.

१२ ऑक्टोबर

फोटो तयार. स्टुडिओवाल्याने चेहरा चिकटवलेला नाही. विचारलं तर कात्रीशी चाळा करत म्हणाला की बसेना, कडा जुळेनात, आणि म्हातारीला आहे तसाच हवाय. फोटोत मी छान दिसतो. मधोमध, दोन्हीकडे माणसं. 

१६ ऑक्टोबर

म्हातारीकडे जेवायला जाऊ लागलो आहे. ती ताटात वाढून समोर बसते आणि मी पहिला घास घेईपर्यंत हलत नाही. असं समोर बसून मला कुणी वाढलेलं आठवत नाही, बायको गेल्यापासून तर नाहीच. शिंपीणबाई मला दादा म्हणते. आधी थट्टेत म्हणायची. परवा तिने कोट शिवून आणला. माप कधी घेतलं विचारलं, तर टाचण्या तोंडातून न काढता म्हणाली, तुझं माप मला ठाऊक नाही होय रे?

एकटेपणा असा चोरपावलांनी निघून जातो हे माहीत नव्हतं. म्हातारीला मी आज आई म्हणालो. सहज तोंडून गेलं.

२० ऑक्टोबर

ठकीला फोन केला. आवाज नीट येत नाही म्हणाली, मी बोलतोय हे तिला पटकन कळेना. मग एकदम म्हणाली, बाबा, कालच तर बोललो आपण, तुम्ही लवकर येतोय म्हणालात. मी काल फोन केलेला नाही. तिला म्हटलं, तुला स्वप्न पडलं असेल. ती हसली. पण हसणं जरा लांबून आलं.

२२ ऑक्टोबर

दुकानात आज कुणी हसलं नाही. मी बोललो, त्याने सामान दिलं, संपलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की माझा उच्चार परका राहिलेला नाही. सांडशी, बिजागरी, उसवण, असले शब्द मी इथल्या भाषेत कधी शिकलोच नव्हतो. ते आपोआप येतात.

दुपारी अंधारखोलीत कागद करपला. लगागा लगागा, आणि पुढे ओळच नाही. नुसतं वृत्त, आत कविता नाही. अख्खी शाळा डोक्यात होती माझ्या. बाकं आठवतात, मास्तरांचा रूळ आठवतो. शब्द तेवढे गेले.

२५ ऑक्टोबर

ठकीचा फोन लागला. उचलल्या उचलल्या आनंदात म्हणाली की बाबा घरी आलेत. सकाळीच. आता जेवतायत.

मी म्हटलं, अगं ठके, मी बोलतोय, बाबा. ती मग फार अदबीने म्हणाली, काका, तुमचा नंबर चुकलाय बहुतेक. तुमची भाषा जरा तुटक आहे, हळू बोला, कोण हवंय तुम्हाला?

काका. माझी ठकी मला काका म्हणाली.

२६ ऑक्टोबर

स्टुडिओवाल्याला धरलं. आधी टाळाटाळ. मग स्टुलावर बसला आणि खाली मान घालून बोलला. थोरला गेला, पण आईने जागा राखली. राखलेली जागा सोडून माणसाला दुसरीकडे कुठे बसता येत नाही, तो दारोदार नुसता उभाच राहतो. तुम्ही ती भरलीत. आता तो मोकळा झाला. आणि तिकडे तुमची जागा रिकामी होती.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही? दाराकडे बघा म्हणालो होतो ना, म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. न्हावी का नाही म्हणाला तेही कळलं. मागच्या वर्षी त्याची मान भिंगाकडे वळता वळता राहिली होती.

एकच फट उरली आहे म्हणाला. तिकडे घरच्यांबरोबर त्याचा फोटो अजून निघाला नसेल तर तो नुसता टेकलेला आहे. एकदा का त्याने भिंगात बघितलं, की जागा त्याची.

आणि ठकीला बाळाआधी घरचा फोटो हवाय. मीच कबूल केलं होतं, आल्यावर काढू. माझा जुना कॅमेरा तिच्याच कपाटात आहे.

२७ ऑक्टोबर

विमानतळावरून परत पाठवलं. बाईने पासपोर्ट उघडला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा उघडला. यात तुम्ही नाही म्हणाली. फोटो मला दाखवला. पाठीमागचा पांढरा पडदा. पडद्यासमोर कुणीच नाही.

तिने समजुतीने विचारलं, आजोबा, घरचं कुणी आहे का बरोबर? मागे वळलो तर शिंपीणबाई उभी. घ्यायला आली होती. दादा असाच जातो, ती त्या बाईला म्हणाली, मनावर घेऊ नका.

२९ ऑक्टोबर

सारखा फोन लावतो. जावई उचलतो. आज म्हणाला, पुन्हा केलात तर तक्रार करीन, घरात आठव्या महिन्यातली बाई आहे. मागे ठकी कुणालातरी कॉलर नीट करायला सांगत होती.

बाबा, म्हणत होती. लाडाने. मला इतक्या लाडाने —

तो थोरला घरी राहतो. कुठे जात नाही म्हणे. तिच्यासाठी भाजी निवडतो. माझ्याकडून तिला हवं होतं ते एवढंच —

३१ ऑक्टोबर

अक्षर वळत नाही. हात इथल्या लिपीत जातो, ओढून आणावा लागतो.

खोली गेली. सामान वळणावरच्या घरी. खाटेवर माझा कोट पसरलेला आहे. माझा? इथली खिडकी उघडायची युक्ती मला माहीत आहे. खालची कडी वर उचलून. कुणी सांगितलं नाही.

कॅमेरा दिसत नाही. आई म्हणते, तुझ्याकडे कुठला रे कॅमेरा.

१ नोव्हेंबर

आज फोटो. दुपारी. जावयाने रागाच्या भरात सांगून टाकलं. काय हवंय तुम्हाला, आज आमच्या घरी फोटो आहे, आज तरी सोडा.

शिंपीणबाईचा फोन घेतला आहे. कोपऱ्यात बसलो आहे. लागत नाही. लागत —

लागला. तिने उचलला. मी सांगितलं. भिंग म्हणायचं होतं, शब्द सापडला नाही. काच म्हटलं. काचेत बघू देऊ नकोस. ती रागावली नाही. दमलेली वाटली. काका, तुमचं कुणी हरवलंय का, म्हणाली. हो म्हटलं. तर म्हणाली, आमचे बाबा जन्मभर बाहेरच होते हो, आत्ता कुठे सापडलेत, आज आम्हाला सुखाने बसू द्या. आणि फोन ठेवला.

नंबर पुन्हा — शेवटचे आकडे —

लिहून ठेवतो म्हणजे राहील. मला एक मुलगी आहे. पोटुशी आहे. तिला मी लाडाने काय म्हणायचो, दोन अक्षरं, पहिलं —

आई हाक मारते आहे. ताट वाढलंय. घास घेतल्याशिवाय ती हलायची नाही. आलो म्हणालो. एवढं एक लिहून. कुणाला तरी काही सांगायचं राहिलं होतं, घाईचं होतं, ती मुलगी, तिला म्हणायचं होतं की त्याला

आलो, आई, आलो. तिला म्हणायचं होतं की