पाय ह्यांचे, कंबर माझी

जामसंडे, मंगळवार, १७ मार्च १९६४

ह्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून मोटारसायकल मागच्या बाजूने खाली करून आणली. मिस्त्री सांगत होता, "तुमच्या सीटची गादी पातळ करूया, स्प्रिंगांक हात नको." पण गादी ह्यांना जाडच हवी! मग मागच्या स्प्रिंगाच कापून घेतल्या. आता प्रत्येक खड्डा मागे बसणाऱ्या माझ्या कंबरेत. आणि गावभर सांगतात काय, तर "हिका चढाक बरा म्हणान खाली घेतलंय." हिका! मला विचारलं कुणी?

आज शेजारच्या काकी म्हणाल्या, "नशीब काढलंस गो! घोव किती काळजी घेता. ये, बस."

हिका म्हणे!

"नको काकी," मी म्हटलं, "मी उभीच बरी."