त्या वर्षीच्या चार कॅसेटी

लातूर,
१२ जुलै

प्रिय अव्वा,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. मोतीबिंदू काढल्यापासून बारीक वाचताना तुमच्या डोळ्यांना पाणी येतं, असं तुमचे पुतणे, बसवराज भाऊजी, सांगत होते. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही “बरी हायस न्हवं? मग ठेव,” म्हणून मोकळ्या होता. मला आज ठेवायचं नाहीये.

परवा मेथी निवडताना मुग्धाने मला विचारलं, “आई, भूकंपानंतरच्या वर्षी तुम्ही काय ऐकत होतात?” हल्ली आमची ही सून फार कमी बोलते. ती आपणहून काही विचारतेय याचाच मला इतका आनंद झाला, की प्रश्न नीट कळायला वेळ लागला. तिच्या वयाची मुलं वर्ष संपताना त्या वर्षातल्या आवडत्या अल्बमची यादी करतात म्हणे. मी म्हटलं, अगं, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, आमचे कसले अल्बम! आणि म्हणता म्हणता आठवलं, की होते. चार होते. तिला अर्धंच सांगितलं. उरलेलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण त्या चारही कॅसेटींत तुम्ही आहात.

पहिली तुमच्या सिद्धरामची. औशाला बसस्टँडसमोर त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. लोक आवडीच्या गाण्यांची यादी आणून देत आणि ते कोऱ्या कॅसेटवर भरून देत. गझलांची एक कॅसेट त्यांनी आमच्या लग्नानंतर माझ्यासाठी भरली होती. वर हिरव्या शाईत, वळणदार अक्षरात माझं नाव. मी नांदेडची, शाळामास्तर गुरुबसप्पांची मुलगी. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकत जागी होणारी. गझल मला त्यांनीच ऐकायला शिकवली. एखादा उर्दू शब्द अडला की टेप थांबवून अर्थ सांगत, आणि अर्थ सांगताना स्वतःच खूश होत. लग्नाला दहा महिने झाले होते. मी महालक्ष्म्यांसाठी माहेरी नांदेडला आले आणि गणपती बुडवून परतायचं म्हणून थांबले. तेवढ्यात ती पहाट झाली.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला लातूरच्या दवाखान्यात तुमच्यापाशी आणलं. तुमचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, केसांत अजून माती होती. आपल्या घराच्या भिंतीखालून तुम्हाला जिवंत काढलं होतं आणि सिद्धरामना नाही. वाटेत मला वाटत होतं, तुम्ही मला पाहून टाहो फोडाल, नाहीतर तोंड तरी फिरवाल. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तशी तयारीच करून दिली होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत, उजव्या हाताने माझी हनुवटी धरलीत आणि विचारलंत, “काल जेवलीस का?” मी नाही म्हटलं. तुम्ही अप्पांना म्हणालात, “मास्तर, आधी हिला खाऊ घाला. रडायला अंगात काय तरी पायजे.”

अप्पा मला तेव्हाच नांदेडला परत न्यायला तयार होते. मीच म्हटलं, अव्वांचा हात बरा होईपर्यंत राहते. हात बरा झाला आणि मी राहिलेच.

डिसेंबरात आपण दोघींनी औशाचं दुकान उघडलं. ते जसंच्या तसं होतं. काउंटरवर त्यांचा चहाचा ग्लास होता, तळाशी साखर वाळलेली. तुम्ही तो पदराने पुसून पिशवीत घातलात, टेपरेकॉर्डर घेतलात, आणि मला म्हणालात, “तुला काय पायजे ते घे.” मी ती गझलांची कॅसेट घेतली. तुम्ही एक घेतलीत, आपल्या संतांच्या कन्नड वचनांची. बीदरकडच्या कुण्या बाईने गायलेली, कव्हरसुद्धा नसलेली. ती दुसरी.

त्या बाईचा आवाज मला आधी अजिबात आवडला नव्हता. जाडाभरडा, मध्येच खोकल्यासारखा. आमच्या नांदेडच्या घरातून कन्नड केव्हाच निघून गेलं होतं, त्यामुळे मला शब्दही कळत नव्हते. तुम्ही रोज सकाळी चूल पेटवली की ती कॅसेट लावायचात आणि भाकरी थापता थापता मला मराठीत सांगायचात. एकदा म्हणालात, “ती म्हनून राहिली, देवा, तुझं देऊळ मोठं असंल, पन मी बी तुझं घरच हाय, माझ्यात बस.” मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणालात, “आपलं तर दोन्ही पडलं. पन बसंल कुटं तरी.” आणि चक्क हसलात. शेडमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असायची. पत्र्यातून दवाचं पाणी टपकायचं. मी त्या हसण्याकडे बघत राहिले. वचनं मी नंतर मोठमोठ्या गायकांची ऐकली, अव्वा. पण त्या खोकणाऱ्या बाईसारखं माझ्याशी कुणी बोललं नाही.

मी मात्र दुपारभर गझला लावत असे. रोज तीच बाजू, तीच चार गाणी. फेब्रुवारीत टेप यंत्रात गुंतली. मी पेन्सिलीने गुंडाळून पुन्हा लावली, पुन्हा गुंतली. मी तिथेच बसून रडायला लागले. तुम्ही आलात आणि मशीनची पिन काढलीत. तुमचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. रागावलेला नव्हता. “त्याच्या आवडीचं किती ऐकशील गं? त्यात तुझं काय हाय?”

मला त्या वेळी तुमचा भयंकर राग आला. ज्यांचा मुलगा गेला त्या आईने असं कसं म्हणावं! दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला औशाला घेऊन गेलात, दुकानाचं शटर वर केलंत आणि म्हणालात, “सिद्राम असता तर जी कॅसेट बघून नाक मुरडला असता, तसली एक हुडक.” मी तासभर शोधलं. सगळ्यात खालच्या फळीवर उदगीरच्या एका बँडपार्टीची कॅसेट होती. वरातीत वाजवणारे लोक. हौसेने स्वतःचीच कॅसेट काढलेली, मुखपृष्ठावर लाल कोटातले अकरा जण. सिद्धराम गिऱ्हाइकांना गमतीने ही कॅसेट दाखवून हसायचे. ती मी घेतली.

अव्वा, त्या बँडमधला क्लॅरिनेट! कोण माणूस होता देव जाणे. बाकीचे ढोलताशे धडाधडा वाजवत असायचे आणि हा मधूनच असा वर निघायचा, जसं लग्नघरातून कुणी तरी हळूच मागच्या दाराने शेतात निघून जावं. माझ्या आयुष्यात मी स्वतः, कुणीही न सांगता, आवडून घेतलेलं ते पहिलं संगीत. ती तिसरी.

शेडच्या ओळीत बोलणं सुरू झालं. घरात मरण होऊन पाच महिने नाहीत आणि विधवा सून वरातीचा बँड लावते. एक म्हातारी सांगायलाच आली. तुम्ही तिला पाट दिलात, पाणी दिलंत, आणि म्हणालात, “मरण माझ्या घरचं हाय. कवा रडायचं, कवा वाजवायचं, मी ठरवीन. तू पानी पी.” ती पाणी न पिताच गेली. तुम्ही मला म्हणालात, “आवाज वाढव थोडा.”

मी आज भौतिकशास्त्र शिकवते. एका हॉलमध्ये तीनशे मुलं असतात, माइकवर बोलावं लागतं. औसा रोडला तर आता क्लासच्या पाट्यांमुळे आभाळ दिसत नाही. नांदेडची, जळकोटची, पार इस्लापूरची मुलं खोल्या करून राहतात. कुणी विचारतं, मॅडम, तुम्हाला कुणी घडवलं? मी माझ्या कॉलेजमधल्या सरांचं नाव सांगते, ते खोटं नाही. पण तुमचं नाव सांगायला सुरुवात केली की मला पुढे शिकवता येत नाही, म्हणून सांगत नाही.

कारण ठरवलं तुम्ही होतं. बीएस्सीचं पहिलं वर्ष करून माझं लग्न झालं होतं. एप्रिलात अप्पा पुन्हा न्यायला आले, तेव्हा तुम्ही त्यांना शेडबाहेरच्या दगडावर बसवून म्हणालात, “मास्तर, ही तुमच्याकडं आली तर विधवा लेक म्हनून राहील. माझ्याकडं राहिली तर विधवा सून. लातूरला गेली तर आरती म्हनून राहील. तिला शिकवा.” अप्पा चाळीस वर्षं शिकवत होते. ते खाली मान घालून म्हणाले, “आई, हे मला सुचायला पाहिजे होतं.” वयाने तुम्ही त्यांच्यापेक्षा लहान होतात आणि ते तुम्हाला आई म्हणाले. मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. माझं मत कुणी विचारलं नाही, याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही.

माझ्या शिक्षणासाठी दुकान तुम्ही मोडलंत. जूनमध्ये मी लातूरला एका खोलीत तीन मुलींबरोबर राहायला आले. टेपरेकॉर्डर तुम्ही माझ्याबरोबर दिलात. स्वतःसाठी मागून घेतलात तो बसवराज भाऊजींचा जुना, ज्यात आवाज भरता येत असे. आणि ऑगस्टमध्ये एसटीच्या कंडक्टरच्या हाती चौथी कॅसेट आली. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तुम्ही बोलला होतात. म्हैस व्याली. नव्या गावात घराचा पाया खणला. पाऊस बरा आहे. मध्येच पाच मिनिटं नुसता भाकरी थापल्याचा आवाज, कारण तुम्हाला बटण बंद करायचं सुचलं नव्हतं. शेवटी: “आरती, मला साक्षरतेच्या वर्गात घालून घेतलंय. ‘ग’ काढता येतो. तू अभ्यास कर. माझ्यासाठी म्हनून घरी येत बसू नको.” माझ्या खोलीतल्या मुलींनी ती कॅसेट पाठ केली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही चौघी ती ऐकायचो, भाकरी थापल्याच्या आवाजासह. मुग्धाला मी म्हटलं, त्या वर्षातला सगळ्यात आवडता अल्बम हाच. तिला वाटलं मी गंमत करते आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शेषेरावांचं स्थळ आलं तेव्हा मी आधी तुम्हाला विचारलं. गणिताचे मास्तर आहेत एवढं ऐकून तुम्ही म्हणालात, “मग हिशेबी असतील, पन हसतात का?” लग्नात तुम्ही अप्पांच्या शेजारी उभ्या होतात. अनिमेष झाला तेव्हा बारशाला तुम्ही त्याच्या कानात नाव सांगितलंत. त्या दिवशी मला वाटलं होतं, तुमचं थोडं फिटलं. किती बालिश होते मी.

बसवराज भाऊजींनी मला मार्चमध्ये एक गोष्ट सांगितली. एकतीस वर्षं तुम्ही त्यांना सांगू दिली नव्हती. त्या जूनमध्ये मला औशाच्या स्टँडवर लातूरच्या गाडीत बसवलंत, खिडकीतून डबा दिलात, “होगी बा,” जाऊन ये म्हणालात, आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागलात. मला वाटलं, किती कणखर बाई आहे. भाऊजी म्हणाले, तुम्ही स्टँडच्या मागच्या भिंतीपर्यंतच गेलात. तिथे जमिनीवर बसलात आणि संध्याकाळपर्यंत उठला नाहीत. ते उठवायला आले तर म्हणालात, “आता घरात त्याचं नाव घेनारं दुसरं कोनी न्हाई रे.”

मार्चमध्ये तुम्ही आमच्याकडे नऊ दिवस राहिलात. अनिमेष अपघातात गेल्यावर माझ्या घरात जी माणसं येऊन गेली, त्यांतल्या कुणाचं बोलणं मला आठवत नाही. तुम्ही रोज आधी मुग्धाला जेवायला बसवलंत, ते तेवढं आठवतं. अव्वा, मुग्धाला हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली आहे. मे महिन्यातच तिने मला सांगितलं आणि मी म्हटलं, “वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू.” ती “बरं” म्हणाली आणि वर निघून गेली. मी तिच्या काळजीने तसं म्हणत नव्हते. जिन्यावर तिची पावलं वाजली की मला क्षणभर तो आल्यासारखं वाटतं, म्हणून म्हणत होते. मेथी निवडताना तिने तुमच्याविषयी ऐकलं आणि विचारलं, “अव्वांना तुम्ही जावं असं खरंच वाटत होतं का?” काल मीच तिच्या खोलीत गेले आणि तिची बॅग खाली काढली. सोमवारी सकाळी तिची गाडी आहे. तिला सोडायला मी एकटीच जाणार. शेषेराव म्हणतात, त्यांच्याने होणार नाही. मी तिच्यासमोर रडणार नाही, तेवढं मला जमेल. पण स्टेशनवरून परत घरी कसं यायचं ते मला येत नाही, अव्वा. ते फक्त तुम्हालाच येतं. रविवारी या. बसवराज भाऊजींना मी गाडी घेऊन यायला सांगितलं आहे.

तुमचीच,
आरती