शिवाकडची दुसरी किल्ली

२४ सप्टेंबर २०१४, लातूर

जमलं एकदाचं! रेणुकादास सरांनी सकाळीच बजावलं होतं — "आरती, यंदा प्रवेश परीक्षेचा पेपर फुटला तर क्लासचं नाव गेलं. पेपर उघडणार तू एकटी." म्हणून क्लासच्या वेबसाइटच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मेलसाठी किल्ल्यांची जोडी केली. एक पेपर काढणाऱ्या मास्तरांना, तिनं मेल कुलूपबंद होतो. दुसरी माझी, तिनंच उघडतो. वर तिचा वेगळा पासवर्ड.

खाली इशारा — ही किल्ली कुणाला देऊ नका. हरवली तर मेल कायमचे बंद. कायमचे!

३० सप्टेंबर

आईला जाऊन एकवीस वर्षं झाली. भूकंपाच्या त्या पहाटे दाराला आतून कडी होती. रेवणप्पामामा बाहेरून धडका मारत राहिले होते. मी आणि शिवा खिडकीतून निघालो. आई निघाली नाही.

तेव्हापासून आमच्यात आतून कडी नाही, आणि हरेक कुलपाची दुसरी किल्ली दुसऱ्या घरी. आज मुखेडला गेले. किल्लीची प्रत पेनड्राइव्हवर, मेलचा आणि किल्लीचा असे दोन्ही पासवर्ड कागदावर, पाकीट चिकटवून शिवाच्या हातात दिलं. "मला काही झालं तर सरांना दे." धाकटा भाऊ माझा, तिथं शिकवण्या घेतो. हसला — "ताई, मेलमधी बी भूकंप येतो का गं?"

आता जीव थाऱ्यावर आला.

१० ऑक्टोबर

पेपर आला. उघडला, क्लासच्या छापखान्यात ज्ञानोबाकाकांकडे छापायला दिला.

१३ ऑक्टोबर

फुटला! काल परीक्षा झाली, आणि सहा पोरांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी. चुकलेल्या गणितासकट.

सर म्हणाले, "किल्ली आणखी कुणाकडं होती?"

"कुणाकडंच नाही."

खोटं बोलतेय असं मनातही आलं नाही. शिवाकडं म्हणजे घरातच की! मग उरले काका. बारा वर्षं छापखाना सांभाळला, आज तडकाफडकी काढलं. जिन्यात मला म्हणाले, "पोरी, म्या न्हाई केलं गं. तू तरी सांग त्यांना." मी खाली बघत राहिले. लाज वाटते.

१४ ऑक्टोबर

झोप नाही. त्या सहा जणांचे फॉर्म काढून पाहिले. सहाही मुखेडचे.

१५ ऑक्टोबर

सकाळीच मुखेड गाठलं. पाकीट फाडलेलं. शिवा रडत होता — "लई हुशार पोरं हायेत ताई. एकदा तरी नंबर लागू दे म्हटलं."

आधी ज्ञानोबाकाकांच्या घरी जाते. मग सरांकडे.