एक डेपो, एक पाना

१२ सप्टेंबर
आज इतिहास घडला. सध्या फक्त माझ्या डोक्यात, पण सगळा इतिहास आधी तिथेच घडतो. के. आर. पुरमकडे बसचा डेपो आणि मेट्रोचा डेपो एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत. दोन गेटं, दोन कँटीन, दोन वर्कशॉप. मी म्हणालो, भिंत पाडा, सगळं एकच करा. खर्च निम्मा! आमचे साहेब नरसिंहराव बोलले की दसऱ्यापर्यंत दोन्ही डेपोंनी मान डोलावली तर प्रोजेक्ट हेड तुम्ही, नाहीतर भार्गवी. भार्गवी मला ज्युनियर. मुद्दा संपला.
संकल्प : कमी बोलायचं.

१५ सप्टेंबर
दोन्ही डेपोंसमोर बोललो. रोमन रस्त्यांपासून सुरुवात केली, अठराव्या शतकात जरा रेंगाळलो. टाळ्यांचा कडकडाट. भार्गवीच्या मते कॉफी आली म्हणून. तरुण पिढीत श्रद्धाच नाही.

१९ सप्टेंबर
भार्गवीने नकाशा आणला. कँटीन एक, कंट्रोल रूम एक, पण हत्यारांच्या खोल्या दोन. मी विचारलं, का? म्हणाली, मेकॅनिक लोकांचा आपापल्या हत्यारांवर जीव असतो. मी तिला खाजगी मालमत्तेच्या उगमावर थोडंसं सांगितलं. मध्येच तिला फोन आला. फोन वाजला नव्हता, पण आला.
खोली एकच राहील. आणि सगळी हत्यारं एकाच रंगात रंगवायची. केशरी. तुझं-माझं संपलं.

२४ सप्टेंबर
एकत्र डेपोच्या चाचणीची तारीख ठरली : १ ऑक्टोबर. भार्गवी दचकून म्हणाली, अण्णा, त्या दिवशी आयुधपूजा. (एरवी सर म्हणते. घाबरली की अण्णा.) मी हसलो. आमच्या पुण्यात खंडेनवमीला देवासमोर स्क्रू ड्रायव्हर आणि दोन पुस्तकं ठेवतात. दहा मिनिटांत आटपतं. नरसिंहरावांचं घराणं शहाजीराजांबरोबर इथे कन्नड मुलुखात आलेलं. तेही म्हणाले, स्वल्प विचार करा. केला. तारीख तीच.

३० सप्टेंबर
हत्यारं रंगवून एका खोलीत आली. काय दिसतात! कोणतं कोणाचं, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.
उद्याचं भाषण पाच मिनिटांचं. कस्तुरीने देवाशप्पथ म्हणायला लावलं. नवऱ्यावर इतका अविश्वास बरा नव्हे.

१ ऑक्टोबर, सकाळ
बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय. उत्तम. भाषणात दोन मुद्दे वाढले.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ
पोचलो तर जत्रा. प्रत्येक बसला केळीचे खांब, झेंडूच्या माळा, चाकापुढे फोडायला कोहळे. पूजा झाल्याशिवाय एकही बस बाहेर पडणार नाही म्हणे. हे मला कोणी नीट सांगितलं नाही.
दोन्ही वर्कशॉपांना पूजेला आपापली हत्यारं हवी होती. खोली उघडली. केशरी ढीग. बसवाल्यांचे फोरमन नागनाथ आणि मेट्रोचे रविकिरण एकाच जॅकची दोन टोकं धरून उभे. नागनाथ इथल्या जुन्या मराठी घरातले. आवाज न चढवता म्हणाले, "सर, दरवर्षी पहिलं कुंकू आमच्या जॅकला. हाच असंल तर द्या. नसंल तर ह्यांचा जॅक मी कसा पूजू?"
क्षण मोठा होता. मी कोहळ्यांच्या हातगाडीवर चढलो आणि बोललो. पाच मिनिटंच बोलणार होतो, पण लोक हात जोडून ऐकत होते. असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. बोलत गेलो.
नंतर कळलं, त्यांनी हात पूजेसाठी जोडले होते. मी उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. राहुकाळ लागला. आता दीड वाजेपर्यंत पूजा नाही, पूजेशिवाय बस नाही. गेटबाहेर ताटकळलेले प्रवासी मला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. भार्गवीने भाषांतर करायला नकार दिला.

३ ऑक्टोबर
शांतपणे विचार करता चाचणी यशस्वी. दोन्ही डेपो प्रथमच एका मैदानात एकत्र थांबले. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलंय.

६ ऑक्टोबर
नागनाथ आणि रविकिरण ऑफिसला आले. एकाच रिक्षातून! भाडं अर्धं अर्धं. खिडकीतून पाहिलं आणि डोळे भरून आले. हेच तर मी सांगत होतो.
आत जाऊन दोघांनी नरसिंहरावांना एका सुरात सांगितलं : कँटीन एक चालेल, कंट्रोल रूम एक चालेल, भिंतही पाडा. हत्यारं वेगळी, आणि हे सर नकोत. नरसिंहराव म्हणाले, "सरी." म्हणजे, ठीक आहे.
भार्गवी हेड झाली. अभिनंदनपर चार शब्द बोलायला उठलो, तर सगळ्यांनाच फोन आले.

९ ऑक्टोबर
डेपोत बसलोय. हत्यारांवरचा केशरी रंग काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. शेजारी नागनाथ प्रत्येक पाना उलटसुलट करून बघतात, आपला की त्यांचा. त्यांना श्रमप्रतिष्ठेवर काही सांगावंसं फार वाटलं. पण खरवडताना तोंड उघडलं की रंग आत जातो.