पालक संघाचं शिलाई मशीन

१ एप्रिल
शाळा बंद होणार. मुलंच उरली नाहीत. हेडमास्तर सांगताना रडला. मी कशाला रडू? माझं लक्ष पालक संघाच्या खोलीकडे. तिथे भोंगा, सतरंज्या आणि शिलाई मशीन. बँकेत थोडे पैसेही आहेत. खोलीची किल्ली माझ्या कमरेला. सूनबाईला कामातून वेळ नाही, म्हणून नातीची पालक मी आणि संघाची खजिनदारही मीच. माझ्यावाचून तिथे पान हलत नाही.

४ एप्रिल
सेक्रेटरीबाई म्हणते, पैसे आणि सामान नव्या शाळेला देऊ, आपली मुलं तिकडेच जाणार. हिच्या बापाचं आहे का? नाटकांचे झगे त्या मशीनवर मी शिवले. आता मीटिंगमध्ये मतं घेणार आहेत. घेऊ देत. मशीन सन्मानाने माझ्याच घरी येणार. खिडकीपाशी जागा केली, मुलाचं टेबल बाहेर काढलं. म्हणाला, आई, मी कुठे बसू? म्हटलं, इतकी वर्षं बसून काय दिवे लावलेस?

९ एप्रिल
आजपासून सगळ्यांशी गोड बोलायचं. सेक्रेटरीबाईला फोन केला. तिने विचारलं, आजी, किल्ली कधी देताय? गोड बोलणं बंद.

१२ एप्रिल, सकाळी
नव्या शाळेत जागा कमी आहेत म्हणे. आपल्या शाळेचं ऑफिस उघडायच्या आत दारात जाऊन उभी. क्लार्क म्हणाला, घाई काय आजी, बाकीचे मीटिंग झाल्यावर दाखले नेणार आहेत. बावळट मेले. नातीचा शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांच्या आधी मी काढला. सेक्रेटरीबाईच्या नाकासमोरून मिरवत आणला. ती हसली. जळली असणार.

२० एप्रिल
मीटिंग. आभाराचं भाषण पाठ करून गेले. मतासाठी हात वर केला, तर सेक्रेटरीबाई म्हणते, आजी, हात खाली. ज्याचं मूल पटावर, तोच मेंबर. दाखला काढलात, नातीचं नाव कमी झालं. तुम्हाला मत नाही, खजिनदारकीही नाही. मी ओरडले, हा नियम कुठल्या मेल्याने केला? हेडमास्तर म्हणाला, तुम्हीच केलात. गेल्या वर्षी, मुलगा शाळा सोडून गेला तरी मीटिंगला येणाऱ्या त्या वकिलाला संघातून हाकलायला.
किल्ली टेबलावर आपटली. कुणी दचकलंसुद्धा नाही.

१८ जून
मशीन नव्या शाळेत. तिथल्या संघात फक्त आईबाप घेतात. सूनबाईला आता बरा वेळ मिळतो! तिथल्या खोलीची किल्ली तिच्याकडे. खिडकीपाशी पुन्हा टेबल.
नातीचा फ्रॉक उसवलाय. सूनबाईला म्हटलं, तासभर बसू दे मशीनवर. म्हणाली, आई, अर्ज द्यावा लागेल, नियम आहे.
नातीला विचारलं, अर्ज कसा लिहितात. म्हणाली, आधी 'नम्र विनंती' लिही.
'नम्र' गाळून बाकीचा लिहून ठेवलाय.