गळती बसवून मिळण्याबाबत

तीर्थरूप वन्सं यांस,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजावं. खरोखर वाकले तर उठवायला घरात एकच माणूस आहे, आणि सध्या तो कुणाला उठवण्याच्या मनःस्थितीत नाही. तुमचे गुडघे, मोतीबिंदू आणि शेजारीण (क्रम तुमच्याच मागच्या पत्रातला) आता कसे आहेत ते कळवा. अंगणातल्या वेलाला मांडव घातलात आणि आमच्याकडून आलेले ते दोन लोखंडी दांडे खांब म्हणून कामी आले, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे. तुमचे बंधू आठवडाभर घरात बसून आहेत, एवढं सोडून.

थोरलीचं काम करून घेतलं हे तुम्हाला माहीत आहे, पण का करून घेतलं हे तुम्ही बंधूंकडून ऐकलं असेल, म्हणजे चुकीचं ऐकलं असेल. आमचा बुलडोझर मुलीच्या जन्माआधी घरात आला म्हणून तो थोरली (मुलीला हे नाव अजून पटलेलं नाही), आणि थोरल्यांची दुखणी घरात जशी चालवून घेतात तसं तिचंही एक दुखणं आम्ही चालवून घेत होतो. तिचं पातं वर राहत नसे. ते उचलून धरणाऱ्या दोन्ही सिलिंडरांची आतली सीलं झिजली होती. तेल आतल्या आत निसटायचं आणि पातं पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखं खाली यायचं. तुमचे बंधू लिव्हर किंचित ओढून ते वर घ्यायचे. पुन्हा खाली, पुन्हा वर. याला ते काम म्हणत. मी कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं होतं (त्याचा उपयोग आजवर स्वयंपाकाचा गॅस कधी संपणार हे सांगण्यापलीकडे झालेला नाही), त्यामुळे दाबाखालचं तेल निसटतं तेव्हा कुणीतरी हलगर्जीपणा करत असतं, हे मला कळतं. ते म्हणाले, मला तिची सवय आहे. मी म्हटलं, सवय हे कारण नाही, सबब आहे. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने काम चोख केलं, ते नाकारता येणार नाही. नवा पंप, नवे सिलिंडर, नवे होस पाइप, आणि जुन्या वाकलेल्या पात्याच्या जागी रुंद नवं पातं, जे सीटवर बसल्या बसल्या डावीउजवीकडे कलवताही येतं. माप मी स्वतः घेतलं होतं. पातं बसवून झाल्यावर आमचं फाटक अरुंद निघालं. (फाटक बांधणाऱ्या गवंड्याला मी तेव्हाच बोलले होते.) एक खांब पाडावा लागला आणि तो थोरलीनेच पाडला, तेव्हा चाचणीही झाली. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, आता हे पातं जिथे ठेवाल तिथेच राहील. तुम्ही जेवून या, झोपून या." जुने सिलिंडर अंगणात अडचण करत होते म्हणून ट्रकवाल्याबरोबर तुमच्याकडे पाठवले.

पहिलंच काम शाळेच्या मैदानाचं. तुमच्या बंधूंनी आयुष्यात एवढंच मिरवलं आहे की त्यांनी सपाट केलेल्या जमिनीवर गोटी ठेवली तर ती विचारात पडते, कुठे जावं. लेव्हल बघायला शाळेने नेमलेला तरुण इंजिनिअर आला, दुर्बिणीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मला म्हणाला, "काकू, मुलांनी इथे धावायचंय की पोहायचंय?" मैदानभर लाटा होत्या, एकसारख्या अंतरावर, पत्र्याच्या छपरासारख्या. तुमच्या बंधूंनी सगळं पुन्हा केलं. पुन्हा लाटा. मिस्त्रीने येऊन प्रत्येक जोड तपासला, मशिनमध्ये दोष नव्हता. मग त्याने (त्याला हे सुचायला नको होतं) स्वतः बसून एक पट्टा मारून दाखवला. तो टेबलासारखा झाला.

तुमचे बंधू घरी आले, थोरलीची किल्ली स्वयंपाकघरात गाळणीच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "हात गेला माझा." तेव्हापासून ते खुर्चीत आहेत. वर्तमानपत्रातल्या शवासनाबद्दलच्या लेखाचं कात्रणही कापून ठेवलंय. जावईबापूंचा फोन आला, की भाग नवे आहेत तोवर थोरली विकून टाका, चांगलं गिऱ्हाईक बघतो. त्यावर बंधूंनी "बघा" म्हटलं. एकदाही वाद घातला नाही. ज्यांनी माझ्याशी चादरीच्या रंगावरून वाद घातला आहे, त्यांनी.

आता मुद्दा. त्यांचा उजवा हात बसल्या जागी मधूनमधून उडतो, हे तुम्हीही पाहिलं आहे. डॉक्टरांनी त्याला नसांचा अशक्तपणा ठरवून गोळ्या दिल्या आणि मी त्या वर्षानुवर्षं दुधाबरोबर दिल्या. (हात उडतच राहिला, वजन वाढलं.) परवा दुपारी मी समोर भाजी निवडत बसले होते. ते वर्तमानपत्र वाचत होते आणि हात खुर्चीवर होता. थोड्या थोड्या वेळाने तो किंचित मागे ओढला जायचा, थांबायचा, पुन्हा ओढला जायचा. मी भाजी ठेवली. नसा वगैरे काही नव्हतं. तो हात थोरलीचं पातं वर घेत होता, इतक्या वर्षांच्या सवयीने, आणि मैदानावरही तेच करत होता. फरक एवढाच की आता पातं खाली येतच नव्हतं. ते उगाच वर जायचं, जमीन सुटायची, मग हे घाईने खाली टेकवायचे. झाली लाट.

हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, मी असं काही करतच नाही. मी हातात भरलेला कप दिला. शर्ट बदलून आल्यावर त्यांनी मान्य केलं. मग आम्ही दोघं मैदानावर गेलो. मी थोरलीच्या बाजूने चालत होते आणि हात उडाला की ओरडून सांगत होते. त्याने एवढंच झालं की पातं नीट उचलायचंही ते विसरले. मग मी फडक्याने हात सीटच्या दांड्याला बांधला. हा उपाय शास्त्रीय होता. पण पातं उचलण्याची खरीच गरज पडली तेव्हा हात मोकळा नव्हता, आणि शाळेचा व्हॉलिबॉलचा खांब गेला. (तो तसाही तिरका होता.) इंजिनिअरने या महिन्याची अखेर ही शेवटची मुदत दिली. नाहीतर उरलेलं काम मिस्त्री करणार, आणि मग थोरली जावईबापूंच्या गिऱ्हाइकाकडे.

मी मिस्त्रीला म्हटलं, नव्या सिलिंडरांना थोडी गळती बसवून द्या. तो बराच वेळ पाना पुसत राहिला. म्हणाला, "वहिनी, लोक माझ्याकडे गळती काढायला येतात. बसवायला तुम्हीच पहिल्या." नवा माल बिघडवणार नाही, हे त्याचं शेवटचं उत्तर. तेव्हा विषय माझ्यापुरता संपला. थोरलीचं काम करून घेण्याचा निर्णय योग्यच होता, हे तुम्ही ध्यानात ठेवावं. पंप उत्तम आहे, पातं उत्तम आहे. माणसाला जमवून घ्यायला थोडा वेळ लागतो.

मेहुण्यांना नमस्कार, आणि त्यांनी जिन्यावरून सावकाश उतरावं.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. तुमच्या मांडवाचे दोन खांब म्हणजे थोरलीचे जुने सिलिंडर आहेत. वेल सोडवून ते आणणाऱ्याच्या हाती द्यावेत. पुसू नयेत, आणि कुणी हौशी माणूस सीलं बदलून देतो म्हणाला तर त्याला अंगणात येऊ देऊ नये. ते मिस्त्री बसवणार आहे. फक्त कुणी बसवले हे विचारायचं नाही, अशी त्याची अट आहे. हे पत्र देणारा ट्रकवालाच ते घेऊन येणार आहे, म्हणजे तो आत्ता तुमच्या दारात उभा असेल. चहा द्या, पण वेल आधी सोडवा.

ता. क. दुसरा. मी मागितले हे बंधूंना कळता कामा नये. वेल जगला नाही म्हणून तुम्हीच परत पाठवलेत, असं त्यांना लिहा.

ता. क. तिसरा. वरचा रद्द. रिकामा ट्रक तुमच्या दिशेला निघायच्या तयारीत पाहून ते खुर्चीतून उठले, आतून दोन जाड पोती आणून ट्रकात अंथरली आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "डावा जपून आण, तो जास्त गळतो." मी आत आले तर खिळ्यावर फक्त गाळणी होती.