चाफ्याखालचं पांढरं बाक

प्रिय तेरेपाई,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तुझी तापाएरू आत्या दरवेळी म्हणायची, "वहिनी, पोरगं तिकडे ऑकलंडमध्ये जीव टाकतंय, दोन शब्द बोल की." मी म्हटलं, दोन शब्दांत भागणारं नाही. फोनवर तू "आई, ऐक तर" म्हणतोस आणि माझं वाक्य अर्धवट राहतं. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

घर पर्यटकांना भाड्याने द्यायचं, मी तुझ्या या आत्याकडे पंधरा दिवस काढायचे आणि मग तुमच्याकडे ऑकलंडला यायचं, कायमचं, असं तू ठरवलंस. एकट्या बाईला एवढं घर कशाला, असंही म्हणालास. मी हो म्हटलं नव्हतं. मी गप्प बसले होते. तुमच्या पिढीला गप्प बसणं म्हणजे होकार वाटतो, त्याला मी काय करू? माझे दोन झगे आणि चर्चची टोपी एवढंच घेऊन मी तापाएरूकडे गेले, बाकी सगळं घरातच ठेवलं.

त्यात तुझी सूचना आली. पाहुणे येण्याआधी फ्रिजमध्ये डब्यातली पीच आणि दुकानातली बिस्किटं ठेव, स्वागताला. मागच्या टाकीपाशी केळीचे घड पिकून काळे पडत होते, पपया पाखरं खात होती, आणि मी आपल्या आयतुताकी बेटावर आलेल्या माणसाला जहाजातून आलेलं फळ खायला घालायचं. बिस्किटं मी ठेवली, तुझा शब्द मोडला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तापाएरूच्या चुलीवर पातेलं चढवलं आणि केळ्याचं पोके करायला घेतलं.

तुझ्या बायकोला, लीझला, एकदा सांग, त्यात काही मोठं शास्त्र नाही. केळी काळी पडली की लोक टाकून देतात, ती खरी पोकेची केळी. उकडायची, घोटायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. मग कसाव्याचं पीठ कालवायचं, केळीच्या पानावर ओतून भाजायचं, वड्या पाडायच्या आणि वर नारळाचं घट्ट दूध. साखरेचा कण नको. तुझी धाकटी फळ बघून नाक मुरडते ना, तिला नुसती वाटी दे आणि बघ. गार होऊ द्यायची हे मात्र विसरू नका. तू सात-आठ वर्षांचा असताना घाई करून गरम लगद्यातच पीठ ओतलंस आणि सगळ्याच्या गुठळ्या झाल्या. पास्टर जेवायला आलेले, तू दाराआड लपलेला. तुझ्या बाबांनी सगळ्या गुठळ्या खाल्ल्या आणि पास्टरना म्हणाले, "घ्या, यात आज खडे आहेत, दात मजबूत होतात." पाहुण्यांसमोर त्यांनी तुला खाली बघू दिलं नाही.

ताट घेऊन मी घरी गेले. ब्रिस्बेनचं एक जोडपं होतं, सोबत बाईची आई. अंगणातल्या चाफ्याखाली तुझ्या बाबांच्या अंगावर दोन ओले टॉवेल पसरलेले, उशाशी कॉफीचे मग, आणि तो माणूस पायांवर आरामात बसलेला. ताट हातात धरूनच मी पुढे गेले. मी विचारलं, "इथे का बसलात?" तर बाई हसून म्हणाली, "जाहिरातीत आहे ना, सावलीतलं पांढरं बाक. फोटोपेक्षाही छान आहे हो."

गेल्या महिन्यात तू आलास आणि बाबांच्या थडग्यावरच्या नावाच्या पाटीसमोर हारीने फुलांच्या कुंड्या मांडल्यास. मी तापाएरूला कौतुकाने सांगितलं होतं, पोराला बापाची आठवण येते. तेरेपाई, मला त्या कुंड्यांचा राग आला नाही. मला माझ्या कौतुकाची लाज वाटली.

मी कुंड्या एकेक करून बाजूला केल्या. नाव वाचून ती माणसं चटका बसल्यासारखी उठली. तो गडी तर रडायच्या बेतात होता. मी म्हटलं, "बसा. यांना पाहुणे फार आवडायचे. फक्त टॉवेल तेवढे काढा, सांधे दुखायचे यांचे, ओल सोसायची नाही." मग आम्ही सगळ्यांनी तिथेच त्यांच्याशेजारी बसून पोके खाल्लं. म्हातारीने तीनदा घेतलं. ती म्हणाली, "तुम्ही इथे राहता का?" मी हो म्हटलं, आणि त्यानंतर तापाएरूकडे परत गेले नाही. ती माणसं हॉटेल शोधायला लागली, मीच त्यांना जाऊ दिलं नाही. मागच्या खोलीत मी झोपले, रोज सकाळी पपई कापली, आणि जाताना आपल्या रीतीप्रमाणे उरलेलं सगळं त्यांना पानात बांधून दिलं.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. ऑकलंडचं तिकीट सोबत परत पाठवते आहे. काल गवंडी बोलावला आणि बाबांच्या डाव्या हाताला माझी जागा बांधून घेतली. मी स्वतः आडवी होऊन माप दिलं, तापाएरू डोळे पुसत शिव्या घालत होती. चुना अजून ओला आहे. घर भाड्याने द्यायचं तर खुशाल दे, जाहिरातही काढून टाकू नकोस, तेवढी दुरुस्त कर. लिही, अंगणात पांढरी बाकं दोन. एकाखाली घरमालक आहेत. दुसरं मालकिणीसाठी राखून ठेवलं आहे, आणि ते लागेपर्यंत ती स्वयंपाकघरात भेटेल. पोकेचे पैसे पडत नाहीत.

तुझीच, आणि या घरचीच,
आई